सुपरचार्जर बसवला, आता मिक्श्चर कसं लावायचं? जुन्या मियाटावर हात पोळलेल्याचं गाइड

मंडळी, गाडीवर सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप) चढवून झालाय आणि आता हवा-पेट्रोलचं मिक्श्चर ठरवणारा लॅपटॉपवरचा तो आकड्यांचा तक्ता बघून घाम फुटलाय, अशांसाठी हे लिहितोय. माझी गाडी १९९५ ची माझदा मियाटा, १.८ लिटर, कंपनीतून १२८ हॉर्सपॉवरची. त्यावर ईटन एम४५ जातीचा रूट्स सुपरचार्जर (ह्यालाच ब्लोअर म्हणतात), ६ पीएसआय बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढं जास्त प्रेशर, आणि कंपनीच्या ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, जागी स्वतः सेट करता येणारा मेगास्क्वर्ट. राहतो मिशिगनमध्ये, मूळचा कोल्हापूरचा. मामाचं उद्यमनगरात गॅरेज होतं, तिथं लहानपणी राजदूत आणि येझदीचे प्लग काढून रंग बघायचो. चॉकलेटी आला की मिक्श्चर बरोबर, पांढरट आला की लीन, म्हणजे पेट्रोल कमी, काळा आला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एवढ्या ज्ञानावर मी म्हटलं सुपरचार्जर काय, लावू की. मग दोन महिने गेले.

ते दोन महिने तक्ता भरण्यात गेले नाहीत हे आधीच सांगतो. तक्ता भरायला तीन रविवार पुरतात. बाकीचा सगळा वेळ गेला खोटा आकडा खरा मानून त्याच्यामागे धावण्यात, म्हणून खाली लॅपटॉप उघडायच्या आधीच्या पायऱ्याच जास्त लांब आहेत, कंटाळू नका.

तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, पण क्रम तोच.

० : कागदपत्रं आणि कायदा, आधीच उरकून टाका

अमेरिकेत राज्याराज्यात फरक आहे. मिशिगनमध्ये गाड्यांची एमिशन टेस्ट नाही, पण म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून फेकायचा असं नाही, केंद्राचा क्लीन एअर ॲक्ट सगळीकडे लागू आहे. कॅलिफोर्नियात असाल तर सुपरचार्जर किटला कार्बचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर लागतो, तो स्टिकर बॉनेटखाली चिकटवलेला पाहिजे, आणि ईसीयू बदलला की ते प्रकरण अजून अवघड होतं. इन्शुरन्सवाल्यांना मॉडिफिकेशन लेखी कळवा, फोनवर नको.

आणि पुण्या-मुंबईतनं वाचताय त्यांनी एक लक्षात घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघता आरसीवर नसलेला बदल करून रस्त्यावर फिरणं म्हणजे आ बैल मुझे मार. ट्रॅकपुरती गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

१ : सामान काय लागतं

वाइडबँड मीटर, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातल्या धुरावरनं मिक्श्चर मोजणारा, आणि त्याचा सेन्सर, हे सगळ्यात महत्त्वाचं. गाडीत मूळचा जो ऑक्सिजन सेन्सर येतो तो नॅरोबँड, त्याला फक्त एवढंच कळतं की मिक्श्चर १४.७ च्या (वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) अलीकडे आहे का पलीकडे, किती ते कळत नाही. बूस्टमध्ये ११.५ आहे का १३ हे त्याला विचारणं म्हणजे आंधळ्याला रंग विचारणं. आजकालच्या बहुतेक मीटरमध्ये बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर असतो, तो चालतो.

मग टायमिंग लाइट (प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा), फ्युएल प्रेशर गेज, लॅपटॉप (जुनापुराणा चालेल पण बॅटरी धड पाहिजे), यूएसबी केबल, मेगास्क्वर्ट सेट करायचं ट्यूनरस्टुडिओ सॉफ्टवेअर. ट्यूनरस्टुडिओचं फुकट व्हर्जन सुरुवातीला पुरतं, पण स्वतःहून तक्ता सुधारणारं व्हीई ॲनालाइझ पाहिजे असेल तर लायसन्स घ्या, पैसे वसूल होतात. एक फायर एक्स्टिंग्विशर पायाजवळ, हसू नका. आणि गाडी चालवायला दुसरा माणूस. चालवता चालवता लॅपटॉपवर बोटं चालवायची नाहीत, मुद्दा संपला. माझ्याकडे बायको चालवते. "तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजारावर धर" म्हटलं की धरते, फक्त दर दोन मिनिटांनी "अजून किती वेळ?" हे विचारते.

इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे नोझल, बदलावे लागतील. हिशोब सोपा आहे, करून बघा. समजा १८० हॉर्सपॉवर अपेक्षित आहे. सुपरचार्ज्ड पेट्रोल इंजिनाला दर हॉर्सपॉवरला तासाला साधारण ०.६ पौंड पेट्रोल धरतात, म्हणजे १०८ पौंड. चार इंजेक्टर, प्रत्येकी २७. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर दाबायचा नाही म्हणून २७ भागिले ०.८, आले ३४ पौंडाच्या आसपास, म्हणजे मिनिटाला साडेतीनशे सीसीच्या पुढचा इंजेक्टर घ्या. पण "मोठाच घेऊन ठेवू, पुढे कामाला येईल" म्हणून हजार सीसीचा घेऊ नका, आयडलला (पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) तो इतका थोडा वेळ उघडतो की गाडी लंगडत राहते.

प्लग कंपनीच्यापेक्षा एका नंबराने थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, माझ्याकडे बीकेआर७ई-११ आहेत. गॅप ०.७ ते ०.७५ मिलिमीटर. हा गॅप विसरू नका, ह्याच्यावर पुढे माझी फजिती येणार आहे.

२ : इंजिन धड आहे का ते बघा

कॉम्प्रेशन टेस्ट करा, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एक सिलिंडर बसलेला असेल तर सुपरचार्जर त्याला उभा करणार नाही, झोपवेल.

फ्युएल प्रेशर बघा. व्हॅक्यूम पाइप काढून ३ बारच्या आसपास, म्हणजे ४३ पीएसआय. पाइप लावला की कमी होतं, बूस्टमध्ये जेवढा बूस्ट तेवढं वर गेलं पाहिजे. नाही गेलं तर पंप दमला, आणि दमलेल्या पंपावर केलेलं ट्यूनिंग फुकट.

गळती शोधा, हवेची पण आणि सायलेन्सरची पण. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधनं बाहेरची हवा आत ओढली गेली की वाइडबँड म्हणतो लीन, तुम्ही पेट्रोल वाढवता, आणि आत इंजिन आधीच रिच असतं.

३ : सेन्सर कुठे आणि कसे

वाइडबँडचा बंग, म्हणजे सेन्सर बसवायचा आट्यांचा गोल तुकडा, एक्झॉस्ट पाइपच्या वरच्या बाजूला, घड्याळात १० ते २ वाजतात त्या भागात, कन्व्हर्टरच्या आधी. खाली लावला तर पाइपात साठलेलं पाणी तापलेल्या सेन्सरवर जातं आणि तो तडकतो. अजून एक, सेन्सर पाइपात आहे आणि त्याला करंट नाही, असं इंजिन चालवायचंच नाही. हीटर बंद असला की काजळी बसून सेन्सर जातो. मीटर अजून जोडायचा बाकी असेल तर सेन्सर काढून बंगला डमी प्लग लावा.

मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा. ६ पीएसआय बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेचे १०० आणि वरचे ४१, साधारण १४० केपीए. तुमचा सेन्सर १०५ पर्यंतच वाचणारा असेल तर ईसीयूला बूस्ट आहे हेच कळणार नाही, म्हणून अडीच बारचा (२५० केपीए) पाहिजे. आणि त्याचा पाइप ब्लोअरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला. माझ्या किटमध्ये थ्रॉटल बॉडी ब्लोअरच्या आधी येते, त्यामुळे थ्रॉटल आणि ब्लोअरच्या मधल्या निपलला पाइप लावायची चूक अगदी सहज होते. तिथे बूस्ट कधी दिसतच नाही.

हवेचं तापमान मोजणारा सेन्सर पण ब्लोअरच्या पुढेच. रूट्स ब्लोअर हवा दाबतो त्यापेक्षा तापवतोच जास्त असं म्हटलं तरी चालेल. २५ अंशाची हवा ८० ला गेली तर तेवढ्याच प्रेशरला ती जवळजवळ १६ टक्के विरळ होते. सेन्सर एअर फिल्टरपाशी ठेवलात तर ईसीयू २५ धरून पेट्रोल टाकत बसणार आणि टायमिंगही थंड हवेचंच देणार, जे जास्त धोक्याचं.

४ : मीटर आणि ईसीयू एकच आकडा बोलतात का

वाइडबँडची ॲनालॉग वायर ईसीयूला जाते, ० ते ५ व्होल्ट. हिची अर्थ वायर जिथे लोखंड दिसेल तिथे आवळायची नसते, ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच जोडायची. मी आवळली होती. मीटरवर १४.७ आणि लॅपटॉपवर १५.३. हेडलाइट लावले की १५.६. मी म्हटलं असेल थोडा फरक. थोडा कसला, अख्खा तक्ता त्या फरकाने रिच भरला गेला. वायर जागेवर नेल्यावर दोन्ही आकडे जुळले आणि मग सगळं पुसून पहिल्यापासून.

पेट्रोलबद्दल पण एक. इथं पंपावर मिळतं ते बहुतेक १० टक्के इथेनॉलचं, त्याचं खरं संतुलन, म्हणजे हवा आणि पेट्रोल दोन्ही पुरेपूर वापरलं जातं ते प्रमाण, १४.७ ला नाही, १४.१ च्या आसपास आहे. भारतातलं २० टक्केवालं अजून खाली, साधारण साडेतेरा. पण वाइडबँड मुळात लॅम्डा (मिक्श्चर संतुलनाच्या किती पट, बरोबर संतुलनाला १) मोजतो आणि पडद्यावर दाखवताना १४.७ ने गुणतो, त्यामुळे लॅम्डा १ असला की पेट्रोल कुठलंही असो, मीटर १४.७ च दाखवणार. घोळ नको असेल तर मीटर सरळ लॅम्डावर टाका. मी खाली आकडे मीटरवर दिसतात तसेच दिलेत.

ऑक्टेनची तुलना करताना पण सांभाळून, इथला ९३ म्हणजे भारतातल्या पद्धतीने साधारण ९८.

५ : टायमिंग आधी, पेट्रोल नंतर

ट्यूनरस्टुडिओत टायमिंग १० अंशावर (अंश जितके जास्त तितकी ठिणगी लवकर) फिक्स करा आणि टायमिंग लाइटने पुलीवर बघा, खरंच १० दिसतात का. नसतील तर ट्रिगर ऑफसेट (पडद्यावरचा आणि खरा आकडा जुळवायची सेटिंग) बदला, जुळेपर्यंत. मग रेस वाढवून बघा, खूण जागेवरच राहिली पाहिजे. हे न करता पुढे गेलात तर पडद्यावर १८ अंश आणि इंजिनात २६, आणि बूस्टमध्ये आठ अंश म्हणजे पिस्टनची पूजा घालावी लागेल. झालं की फिक्स टायमिंग काढायला विसरू नका.

बूस्टमधलं टायमिंग सुरुवातीला भरताना बिगर बूस्टच्या आकड्यातनं दर पीएसआयला एक अंश कमी करा. ही सुरुवात आहे, शेवट नाही.

६ : लॅपटॉप उघडला, आता पाया

मेगास्क्वर्ट हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधलं प्रेशर, हवेचं तापमान आणि इंजिनाची साइज ह्यावरनं किती हवा आत गेली असेल ह्याचा अंदाज काढतो, आणि तो अंदाज सुधारायला व्हीई नावाचा तक्ता असतो. आडवं आरपीएम, उभं केपीए, प्रत्येक चौकोनात एक आकडा. आकडा वाढवला की पेट्रोल वाढतं, बास.

रिक्वायर्ड फ्युएल कॅल्क्युलेटरमध्ये इंजिन साइज, सिलिंडर आणि इंजेक्टरची खरी साइज भरा. डेड टाइम भरा, म्हणजे करंट मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतचा उशीर, साधारण एक मिलिसेकंद, इंजेक्टर विकणाऱ्याकडनं व्होल्टेजनुसारचा तक्ता मागून घ्या. आयडलला पंखा चालू झाला की मिक्श्चर बदलत असेल तर गडबड इथे असते, लोक व्हीई खेळवत बसतात.

टार्गेटचा, म्हणजे कुठे किती मिक्श्चर पाहिजे त्याचा, तक्ता वेगळा असतो. माझा असा आहे: निवांत चालताना १४.७, १०० केपीएला पूर्ण दाबल्यावर १२.८, १२० ला १२.२, १४० ला ११.५. हे टार्गेट हिशोबात धरायचं का नाही अशी एक सेटिंग आहे, इन्कॉर्पोरेट एएफआर (एएफआर म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण). हो किंवा नाही काय ते आत्ताच ठरवा, मी हो ठेवलंय. अर्ध्या ट्यूनिंगनंतर ती बदलली तर सगळा तक्ता एका झटक्यात चुकीचा होतो.

आणि सुरक्षा पहिल्याच दिवशी लावा: १५५ केपीएच्या वर फ्युएल कट, सुरुवातीला आरपीएम लिमिट ५००० ला. कोण पाय किती दाबेल सांगता येत नाही, आपण धरून.

७ : आयडल आणि निवांत चालणं

इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय व्हीईला हात लावायचा नाही. हाताने ट्यून करत असाल तर ऑक्सिजन करेक्शन, म्हणजे ईसीयूने स्वतःहून मिक्श्चर सुधारणं, बंद ठेवा, नाहीतर तुम्ही एक ओढणार, ईसीयू दुसरं.

चौकोन सुधारायचं सूत्र एकच आहे. जुना व्हीई गुणिले दिसलेला आकडा भागिले पाहिजे असलेला. माझ्या लॉगमधला (गाडी चालताना रेकॉर्ड झालेल्या आकड्यांमधला) खरा चौकोन: ३००० आरपीएम, १०० केपीए, व्हीई ६२, मीटरवर १३.४, टार्गेट १२.८. ६२ गुणिले १३.४ भागिले १२.८, आले ६४.९. ६५ लिहिलं, परत त्याच चौकोनातनं गेलो, १२.८. त्या दिवशी मी गाडीतच ओरडलो, बायकोने गाडी बाजूला घेतली, तिला वाटलं काहीतरी फुटलं.

शेजारचे चौकोन पण हाताने थोडे ओढून घ्या, तक्ता टेकडीसारखा गुळगुळीत दिसला पाहिजे. मध्येच एक सुळका किंवा खड्डा दिसला तर तो बहुतेक वेळा इंजिनाचा नसतो, चुकीच्या रीडिंगचा असतो. व्हीई ॲनालाइझ हेच काम आपोआप करतं, पण त्याला ॲक्सिलेटर झटक्यात दाबल्या-सोडल्याचे आकडे खायला देऊ नका, पाय हळू चालवा. एक्झॉस्ट सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे झटक्यात मिळालेला आकडा मागच्या चौकोनाचा असतो.

८ : बूस्ट, आणि इथे डायनोवर जा

टर्बोत बूस्ट यायला थोडा वेळ लागतो, रूट्सला तो प्रश्नच नाही. १.८ चं इंजिन दर फेऱ्याला ०.९२ लिटर हवा मागतं, एम४५ स्वतःच्या एका फेऱ्यात ०.७४ लिटर ढकलतो, पण पुली त्याला इंजिनापेक्षा वेगात फिरवते, आणि जी हवा जास्त झाली ती म्हणजे बूस्ट. त्यामुळे २००० ला पाय दाबला तरी बूस्ट हजर. मजा तीच आणि धोकाही तोच, कारण कमी आरपीएम जास्त प्रेशर ह्या कोपऱ्यातच नॉकिंग, म्हणजे मिक्श्चर आपोआप भडकून ठोके बसणं, लवकर होतं, आणि नेमका तोच कोपरा लोक मोकळा सोडतात. निवांत चालताना उघडून ब्लोअरची हवा परत फिरवणारा बायपास व्हॉल्व्ह पण तपासा, तो अर्धवट उघडा राहिला की बूस्ट ६ च्या जागी ४ येतो आणि तुम्ही भलत्याच ओळीत ट्यून करत बसता.

रस्त्यावर हे करू नका. डायनो, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र, तासावर भाड्याने मिळतो. पहिला पुल (ॲक्सिलेटर पूर्ण दाबून आरपीएम चढवणं) २५०० ते ४००० आणि सोडून द्या. लॉग बघा. मग ५०००, मग लिमिट वाढवून ६५००. प्रत्येक वेळी सुरुवात थोडी रिच ठेवून, मग पेट्रोल कमी करत टार्गेटवर यायचं. म्हणून मीटर १० दाखवेल एवढं रिच पण नको, जास्तीचं पेट्रोल सिलिंडर धुतं आणि ऑइलमध्ये उतरतं. "रिच म्हणजे सेफ" हे अर्धंच खरं आहे.

इंजेक्टर किती उघडा राहतोय ते बघा. ६५०० ला एका सायकलला १८.५ मिलिसेकंद मिळतात, सिक्वेन्शियल (एका सायकलला एकच फवारा) असेल आणि पल्स १५ ची दिसत असेल तर ८१ टक्के. ८५ च्या वर गेलं की थांबा, इंजेक्टर मोठा घ्या किंवा ब्लोअरची पुली मोठी लावून बूस्ट कमी करा.

नॉकिंग ऐकायला ब्लॉकला तांब्याची नळी चपटी करून बोल्टने आवळा, दुसरं टोक रबरी पाइपने कानावरच्या जुन्या इअरमफमध्ये. दिसायला जुगाड, पण पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज आला की चुकत नाही. आला की लगेच पाय काढा, टायमिंग दोन अंश कमी. टायमिंग वाढवताना एकेक अंश, आणि डायनोवर ताकद वाढली नाही तर मागे या, आवाज येईपर्यंत वाट बघायची नाही.

आता ती फजिती. ५२०० च्या वर १३८ केपीएला माझा मीटर ११.८ वरनं एकदम १५, कधी १६. लीन! मी घाबरून पेट्रोल १० टक्के वाढवलं. अजून वाईट. पंप बदलला, फिल्टर बदलला, दोन रविवार गेले. शेवटी रात्री मामाला व्हिडिओ कॉल लावून लॉग दाखवला. त्याला केपीए वगैरे काही कळत नाही, तो एवढंच म्हणाला, "अरे, वर गेल्यावर मिसिंग करतीय ती. प्लगचा गॅप किती ठेवलायस?"

१.१. बॉक्समधनं काढून तसेच बसवले होते, आणि माझ्या नोटबुकात ०.७ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं.

बूस्टमध्ये दाबलेल्या हवेतनं ठिणगी पार जायला जास्त व्होल्टेज लागतं, मोठ्या गॅपमध्ये ती विझते. न जळलेली हवा तशीच बाहेर, त्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो इमानदारीत सांगतो लीन. पेट्रोल टाकाल तेवढी ठिणगी अजून गुदमरते. गॅप ०.७ केला, पुल मारला, मीटर १०.३ आणि मागे काळा धूर, कारण मी वाढवलेलं सगळं पेट्रोल आता जळायला लागलं होतं. तर वरच्या आरपीएमला मीटर एकदम उडी मारतोय आणि सोबत गाडी झटके देतेय, तर आधी प्लग आणि कॉइल बघा. पंप खरंच कमी पडत असेल तर आकडा सहसा उडी मारत नाही, हळूहळू वर सरकतो.

९ : बाकीचं

ॲक्सिलेटर झटक्यात दाबल्यावर जो क्षणभर खड्डा पडतो त्याची सेटिंग व्हीई बसल्यावरच करा, आधी केलीत तर दोनदा कराल.

थंड स्टार्टला सगळ्यात जास्त दिवस लागतात, काम अवघड म्हणून नव्हे, दिवसाला एकच चान्स मिळतो म्हणून. रात्रभर थंड झालेलं इंजिन सकाळी एकदा सुरू केलं की संपलं, उद्या या. मिशिगनच्या जानेवारीत उणे १५ ला लावलेली सेटिंग जुलैत पुन्हा बघावीच लागते.

उलटा त्रास गरम स्टार्टचा. पेट्रोल भरायला दहा मिनिटं थांबलात, बॉनेटखाली सगळं तापलं, हवेचा सेन्सरही तापला, ईसीयूला वाटतं आत येणारी हवाच ७० अंशाची आहे आणि तो पेट्रोल कापतो, पण आत येणारी हवा तेवढी गरम नसते. गाडी मिनिटभर लीन चालते. तेव्हा व्हीईला हात लावू नका, हवेच्या तापमानाच्या करेक्शनचा वरचा भाग थोडा सौम्य करा. मी आयडलजवळचा भाग सौम्य केला आणि बूस्टमधला तसाच ठेवला.

प्रत्येक बदलानंतर फाइल नव्या नावाने सेव्ह करा, तारीख आणि काय बदललं ते नावातच, "१४मे_डेडटाइम" असं. माझ्या फोल्डरमध्ये "फायनल", "फायनल२", "खरंफायनल" आणि "फायनल_चालू" अशा चार फाइली आहेत आणि त्यातली गाडीत कुठली आहे हे बघायला मला गॅरेजमध्ये जावं लागतं.